उसनें कौशल्य

खेळाचा आणि वाङ्मयविचाराचा संबंध काय, असा प्रश्न आमच्या कांहीं वाचकांच्या मनांत हा लेख उघडतांच येईल. ज्यांच्या घरीं पंधरा-वीस वर्षांचीं मुलें आहेत त्यांच्या मनांत तो कदाचित् येणारहि नाहीं. कारण सुटीच्या दिवशीं चार-पांच मित्रमैत्रिणी टेबलाभोंवतीं बसून, वीस बाजूंचे चमत्कारिक फांसे टाकीत, एकच गोष्ट तासन् तास मिळून रचीत आहेत, हा देखावा त्यांनीं पाहिलेला असेल. 'रोलप्लेइंग गेम' या नांवानें ओळखला जाणारा हा खेळ १९७४ सालीं अमेरिकेंत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघांनीं 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' या रूपानें प्रथम छापून विक्रीस आणला. प्रत्येक खेळाडू एकेक पात्र घेतो. त्या पात्राचें बळ, त्याची चपळाई, त्याची अक्कल हीं सर्व आकड्यांत मांडलेलीं असतात. एक सूत्रधार प्रसंग सांगत जातो. आणि पात्राला भिंत चढतां आली कीं नाहीं, पहारेकऱ्याची समजूत घालतां आली कीं नाहीं, याचा निकाल फांसा व आकडा मिळून देतात.

आम्हांस येथें विचार करावयाचा आहे तो या खेळांतील एका विशेष प्रकारच्या पात्राचा. कांहीं खेळाडू असें पात्र निर्माण करतात कीं, त्याला स्वतःचें म्हणून फारसें कौशल्य नसतें. परंतु पाहिजे त्या वेळीं तें वाङ्मयांतील एखाद्या व्यक्तीला आपल्या ठिकाणीं बोलावून घेतें आणि तिची विद्या तेवढ्यापुरती वापरतें. आपल्या भाषेंत याला सरळ शब्द आहे : अंगांत येणें. आपल्याकडे अंगांत देवी येते. या टेबलावर शेरलॉक होम्स येतो, इतकाच भेद. मग अशा पात्रानें कोणत्या कामासाठीं कोणाला बोलवावें, याची खेळाडू आधीं यादी करून ठेवतात.

या याद्या बहुधा एकाच सांच्यांतल्या असतात. तपासाला होम्स, तलवारीला दार्तान्यां, धनुष्याला रॉबिन हूड, समुद्राला कॅप्टन नेमो, निर्जन बेटावर तग धरायला रॉबिन्सन क्रूसो. ही यादी करावयास एकहि पुस्तक उघडावें लागत नाहीं. आणि आमची तक्रार नेमकी तीच आहे. या खेळाचे कैवारी पालकांना असें सांगतात कीं, यामुळें मुलें वाचनाकडे वळतात. वळतहि असतील, पण होम्स म्हणजे तपासाचे अधिक पांच गुण, एवढ्यावर ज्याचें काम भागतें त्यानें होम्सची एक तरी कथा कां वाचावी? उलट, त्या व्यक्तीची ओळख झाल्याचें समाधान त्याला पुस्तकावांचूनच मिळून जातें. न वाचलेलें पुस्तक वाचल्यासारखें वाटूं लागणें ही वाङ्मयाची मोठी हानि होय. तेव्हां निवड कशी करावी हा प्रश्न दिसतो तितका पोरखेळाचा नाहीं.

वाङ्मयाशीं या खेळाचें नातें मुळापासूनच आहे, हें येथेंच सांगून टाकूं. १९७९ सालीं निघालेल्या सूत्रधाराच्या मार्गदर्शक ग्रंथाला गायगॅक्सनें ज्या लेखकांपासून आपण स्फूर्ति घेतली त्यांची यादीच परिशिष्ट म्हणून जोडली. मंत्र पाठ करून ठेवावा आणि एकदां उच्चारला कीं तो स्मरणांतून पुसला जावा, ही या खेळांतली कल्पना जॅक व्हान्सच्या १९५० सालच्या 'द डाइंग अर्थ' या पुस्तकांतून आलेली. पुढें १९८० च्या एका ग्रंथांत आर्थर राजाचे सरदार आणि फ्रिट्झ लायबरच्या कथांतील फॅफर्ड व ग्रे माउसर ही जोडी यांनाहि आकडे मिळाले. वाङ्मयांतल्या माणसाला आकडा चिकटविण्याची संवय ती ही अशी.

पण हें काम या खेळाच्याहि पूर्वीं एकानें करून पाहिलें होतें. १८८७ सालच्या 'ए स्टडी इन स्कार्लेट' या होम्सच्या पहिल्याच कादंबरींत डॉक्टर वॉटसन आपल्या नव्या बिऱ्हाडकरू मित्राचें कोडें सोडविण्यासाठीं त्याच्या ज्ञानाची क्रमवार बारा कलमी यादी करतो. वाङ्मयाचें ज्ञान शून्य, तत्त्वज्ञानाचें शून्य, खगोलाचें शून्य, रसायनशास्त्र सखोल, शरीरशास्त्र अचूक पण विस्कळित, गुन्ह्यांच्या इतिहासाची माहिती अफाट, व्हायोलिन चांगलें वाजवितो, लाठी, मुष्टियुद्ध व तलवार यांत तरबेज. आजच्या खेळाडूनें पाहिली तर ही यादी त्याला आपल्याच वहींतली वाटेल. आणि वॉटसन पुढें काय करतो? इतकें सगळें लिहून झाल्यावरहि माणूस हातीं लागत नाहीं, म्हणून वैतागून तो कागद विस्तवांत टाकतो. ज्यांना होम्सची निवड करावयाची असेल त्यांनीं हा विस्तव विसरूं नये.

शिवाय ती यादी चुकीची होती! वाङ्मयाचें ज्ञान शून्य असलेला हा मनुष्य १८९० च्या 'द साइन ऑफ फोर' मध्यें गटेचें वचन मूळ जर्मन भाषेंत म्हणून दाखवितो. पुढच्या एका कथेंत फारसी कवि हाफिजचा आधार घेतो. कॉनन डॉयलला मागचें लिहिलेलें आठवलें नसेल, असें म्हणणारे म्हणोत. कथेच्या आंत राहून पाहिलें तर वॉटसन ओळखींतल्या पहिल्या कांहीं आठवड्यांत एका अबोल माणसाविषयीं जे तर्क करतो ते फसतात, आणि तें स्वाभाविकच आहे. आतां टेबलावर प्रश्न असा कीं, होम्सला बोलावलें तर कोणता होम्स येईल? पृथ्वी सूर्याभोंवतीं फिरते हें ठाऊक नसलेला, कीं हाफिज जाणणारा? ज्या खेळाडूनें दोन्ही वाचले आहेत त्याच्यापुढेंच हा प्रश्न उभा राहतो. आणि एकदां तो उभा राहिला कीं खेळाला रंग चढतो. तारे पाहून गलबताची दिशा ठरविण्याची वेळ आली असतांना अंगांत पहिला होम्स असावा, यापेक्षां मजेदार संकट कोणतें?

होम्सबरोबर आणखी एक गोष्ट येते, ती म्हणजे त्याचा कंटाळा. काम नसलें कीं त्याचा मेंदू त्यालाच खाऊं लागतो, आणि मग तो कोकेनच्या द्रावणाची पिचकारी हातांत घेतो. 'द साइन ऑफ फोर'ची सुरुवातच तशी आहे. तंबाखूच्या राखेचे १४० प्रकार ओळखणारी दृष्टि आणि ही पिचकारी या एकाच स्वभावाच्या दोन बाजू आहेत. इतकें बारीक पाहणारे डोळे पाहण्यासारखें कांहीं नसलें कीं छळूं लागतात. दृष्टि तेवढी घेऊं आणि कंटाळा ठेवून देऊं, असें म्हणणारा होम्सला बोलावीत नाहीं; तो भिंगाचें चित्र असलेला एक शिक्का वापरतो. आमच्या मतें ही कसोटी प्रत्येक निवडीला लावावी. कौशल्य पुस्तकाच्या पानावर प्रत्यक्ष चालतांना दिसतें काय, आणि तें त्या व्यक्तीला काय किंमतीला पडलें, हीं दोन उत्तरें ज्याच्यापाशीं आहेत त्यानें खुशाल बोलवावें.

किंमतीची कल्पना खेळाच्या नियमकारांनाहि सुचलेली आहे, हें मान्य केलें पाहिजे. 'पाथफाइंडर' या खेळाच्या २०१५ सालच्या एका ग्रंथांत 'मीडियम' नांवाचा पात्रप्रकार आहे. तो रोज एका आत्म्याला आपल्यांत जागा देतो. आत्म्याची मदत जितकी अधिक घ्यावी तितका त्याचा पगडा वाढतो. पगड्याचे पांच गुण झाले कीं पात्र खेळाडूच्या हातून जातें आणि सूत्रधार तें चालवूं लागतो. यापूर्वीं २००६ सालीं 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स'च्या एका पुस्तकांत 'बाइंडर' आला होता. त्याचा आत्म्याशीं करार नीट जुळला नाहीं तर त्या आत्म्याच्या खोडी त्याला पाळाव्या लागतात. हें वाचून आम्हांस शंकराचार्यांची दंतकथा आठवली. मंडनमिश्राच्या पत्नीनें कामशास्त्रावर प्रश्न केला. संन्याशाला त्याचें उत्तर कोठून येणार? म्हणून आचार्यांनीं मृत अमरु राजाच्या देहांत प्रवेश केला, विद्या मिळविली, आणि राजवाड्यांत स्वतःला विसरूं लागले. अखेर शिष्यांना गायकांच्या वेषांत जाऊन त्यांना जागें करावें लागलें. पांच गुणांचा नियम आमच्याकडे कथेच्या रूपानें फार पूर्वींच होता म्हणायचा. मात्र 'मीडियम'ला मिळणारे आत्मे सहाच ठराविक जातींचे : महामांत्रिक, योद्धा, रक्षक, धर्मगुरु, सेनानी आणि ठक. त्यांच्या खोडी नियमकाराला बसून रचाव्या लागल्या. वाङ्मयांतली व्यक्ति बोलवावी तर तें काम मूळ लेखकानें आधींच करून ठेवलेलें असतें, आणि कितीतरी अधिक चांगलें.

क्रूसोचेंच पाहा. डेफोच्या १७१९ च्या कादंबरींत त्यानें पूर्वीं कधीं हत्यार हातीं धरलेलें नाहीं. होडीसाठीं तो एक प्रचंड देवदार तोडतो. बुंध्याशीं वीस दिवस, फांद्या छाटायला आणखी चौदा, मग कोरण्यांत महिन्यांमागून महिने. आणि होडी तयार झाल्यावर ती पाण्यापर्यंत ओढून नेण्याची सोय नाहीं हें त्याच्या ध्यानांत येतें! हस्तकौशल्यासाठीं याला बोलावणाऱ्याच्या पदरांत कौशल्य पडणार नाहीं. पडेल ती चिकाटी, आणि वेळेचा हिशेब न ठेवण्याची खोड. फांशाच्या एका टाकेंत झोपडी उभी करणारा क्रूसो डेफोचा नव्हे. नेमोविषयीं एवढेंच सांगतों कीं, त्याचें समुद्रज्ञान बव्हंशीं 'नॉटिलस' या त्याच्या नौकेंत आहे. ती नसतां तो काय देईल याचा विचार बोलावणाऱ्यानें करावा. आणि हा नेमो बुंदेलखंडाचा राजपुत्र डक्कार असून १८५७ च्या उठावांत लढलेला आहे, हें ज्यूल व्हर्ननें १८७५ सालीं पुऱ्या झालेल्या 'द मिस्टीरियस आयलंड' मध्यें उघड केलें आहे. तो अंगांत असतांना इंग्रज कप्तानाशीं तह करावयाचा प्रसंग आला, तर कौशल्याचे आकडे कोणत्या कामाचे?

आमच्या या मताविरुद्ध एक भक्कम पुरावा आमच्याच घरांत आहे, आणि तो दडविणें बरें नव्हे. वनपर्वांतील नलोपाख्यानांत कौशल्य ही माणसापासून वेगळी काढतां येणारी, देतां-घेतां येणारी वस्तु आहे. बाहुकाच्या रूपांत सारथी झालेला नल ऋतुपर्ण राजाला घेऊन विदर्भाकडे वेगानें रथ हांकीत असतां राजा वाटेंतल्या बेहड्याच्या झाडाचीं पानें-फळें पाहतां पाहतां मोजून सांगतो. नल रथ थांबवून तीं मोजून पाहतो. गणित बरोबर निघतें. मग राजा त्याला फांशांचें रहस्य देतो आणि मोबदल्यांत मिळावयाची अश्वविद्या तूर्त नलापाशींच ठेव म्हणून राहूं देतो. विद्येची उसनवारी इतक्या सरळ व्यवहारानें झालेली दुसऱ्या कोणत्या ग्रंथांत असेल असें आम्हांस वाटत नाहीं. पण त्याच क्षणीं काय घडतें तेंहि पाहावें. नलाच्या शरीरांत इतके दिवस ठाण मांडून बसलेला कलि बाहेर पडतो. फांशांचें ज्ञान आंत आलें आणि फांशांचें वेड बाहेर गेलें. महाभारतकारालाहि विद्या नुसती हातांत ठेवून स्वस्थ बसवलें नाहीं. ती येतांना माणसाच्या अंतरांत उलथापालथ करूनच आली.

लेखकालाच अंगांत आणावें असाहि एक पंथ आहे. कथालेखक काफ्का असागिरी आणि चित्रकार सांगो हारुकावा यांची 'बुंगो स्ट्रे डॉग्ज' ही जपानी चित्रकथा २०१२ पासून निघूं लागली. तींतल्या पात्रांना नामांकित साहित्यिकांचीं नांवें आणि त्यांच्या कृतींवरून आलेल्या शक्ति आहेत. ती खेळाची नव्हे, तरी निवडीचा धडा म्हणून पाहण्यासारखी आहे. नाकाजिमा आत्सुशी या नांवाचा मुलगा वाघ होतो. मूळ नाकाजिमाच्या १९४२ सालीं प्रसिद्ध झालेल्या कथेंत एक कवि आपल्या भित्र्या अभिमानापायीं वाघ बनतो आणि माणूसपण हळूहळू हरवीत जातो. वाघाचें बळ आणि त्यामागची शरम दोन्ही एकदम उचलणारा मूळ कथा वाचलेला असला पाहिजे. आमच्याकडे चिमणरावांना अशा कामीं बोलवावें, अशी एक सूचना आमच्या कानांवर आली. कोणत्या कौशल्यासाठीं, हें सूचना करणाऱ्यानें सांगितलें नाहीं. पण तो खेळ पाहावयास आम्ही अवश्य जाऊं.

या सर्व प्रकाराचा मूळपुरुष मात्र ला मान्चाचा डॉन क्विक्झोट. त्याचा साराच धंदा पुस्तकांतल्या वीरांना अंगांत आणण्याचा. १६०५ सालच्या पहिल्या भागांत सिएरा मोरेनाच्या डोंगरांत तो चक्क निवड करावयास बसतो : विरहाचें वेड करावयाचें तें रोलांच्या तऱ्हेनें करावें, कीं अमादिसच्या? रोलां झाडें उपटतो, धनगर मारतो; अमादिस एकांतांत रडतो आणि प्रार्थना करतो. डॉन क्विक्झोट पुष्कळ घासाघीस करून अमादिसला पसंत करतो. कारण दुल्सिनेनें आपल्याशीं कांहीं दगा केलेला नाहीं, तेव्हां रोलांच्या रागाला आधार नाहीं, आणि अमादिसनें तर वेड न लागतांच कीर्ति मिळविली. मग सदऱ्याचें टोक फाडून त्याला अकरा गांठी मारून तो जपमाळ करतो. वेडा खरा, पण निवडीची त्याची रीत आजच्या कित्येक शहाण्या याद्यांपेक्षां सरस आहे. दोन्ही ग्रंथ त्याला तोंडपाठ आहेत. कोणता भाव कोणत्या कारणांतून उगवतो हें तो पाहतो. आणि आपल्यापाशीं कारण नसेल तर भावहि घेत नाहीं. त्याची चूक निवडींत नव्हती. पुस्तक मिटल्यावर वीरानें परत जावें, हें त्याला कबूल नव्हतें.

आणि याच ग्रंथांत एक असा मनुष्य आहे कीं ज्याचें नांव आम्हांस एकाहि यादींत आढळलें नाहीं. न्याय करावयाचा असेल तर सांचो पांझाला बोलवावें. १६१५ च्या दुसऱ्या भागांत थट्टेनें राज्यपाल केलेल्या या शेतकऱ्यापुढें एक दावा येतो. सावकार म्हणतो, दहा सोन्याचीं नाणीं परत मिळालीं नाहींत. म्हातारा ऋणको हातांतली काठी क्षणभर सावकाराकडेच धरावयास देतो आणि शपथ घेतो कीं, नाणीं मीं याच्या हातांत दिलीं. शपथ झाल्यावर काठी परत घेऊन तो चालता होतो. सांचो विचार करतो, म्हाताऱ्याला परत बोलावतो, काठी सावकाराला देववितो आणि ती मोडावयास सांगतो. आंत दहा नाणीं! काठीची देवघेव वाचकानेंहि पाहिलेली असते. सांचोपाशीं आपल्याहून अधिक कांहींच नव्हतें. त्यानें नीट पाहिलें, आणि गांवच्या पाद्र्याकडून पूर्वीं ऐकलेली तशीच एक हकीकत लक्षांत ठेवली होती. होम्सच्या कित्येक कथांत निर्णायक खूण लेखक आपल्यापासून झांकून ठेवतो. येथें सगळा व्यवहार उजेडांत झाला आहे. बरें, याची किंमत? सांचोला भूक फार लागते, आणि अधिकाराचा वीट लौकर येतो. थोड्याच दिवसांत राज्य सोडून तो आपल्या गाढवाकडे परत जातो. ज्या पात्राच्या अंगांत तो आला आहे त्यानें खटल्याचा निकाल लागतांच जेवण मागावें आणि सिंहासनावरून उठावें. एवढें पाळलें कीं पुरे.

हा खेळ आहे, येथें इतका विचार कशाला, असें म्हणणाऱ्यांना उत्तर म्हणून एक नाटक पुढें ठेवतों. एडमां रोस्तांचें 'सिरानो द बेर्जराक' १८९७ च्या डिसेंबरांत पॅरिसला रंगभूमीवर आलें. आमच्या विषयावरचें तें पहिल्या प्रतीचें नाटक आहे, हें आजवर कोणीं म्हटल्याचें आम्हांस ठाऊक नाहीं. क्रिस्तियां शूर आहे, देखणा आहे, सोबत्यांत विनोदहि करतो. स्त्रीपुढें मात्र त्याची वाचा बसते. तो सिरानोची वाणी उसनी घेतो. तिसऱ्या अंकांत एकदां त्याला वाटतें, आतां आपलें आपल्याला जमेल. रॉक्सानपुढें तो एकटा उभा राहतो, आणि प्रेम आहे यापलीकडे शब्द फुटत नाहीं. ती कंटाळून निघून जाते. मग सज्ज्याखालीं, अंधारांत, सिरानो आधीं त्याला शब्द पुरवितो आणि पुढें स्वतःच बोलूं लागतो. चौथ्या अंकांत अरासच्या वेढ्यांत रॉक्सान क्रिस्तियांला सांगते कीं, तूं कुरूप असतास तरी मीं तुझ्यावरच प्रेम केलें असतें. आपल्यावर कोणीच प्रेम केलेलें नाहीं हें त्याला त्या बोलण्यावरून कळतें, आणि तो गोळ्यांपुढें जातो. उसन्या कौशल्याचा असा हिशेब दुसऱ्या कोणीं मांडलेला नाहीं.

याद्यांतून सिरानोचें नांव दिसतें तें तलवारीसाठीं, कारण पहिल्या अंकांत तो कविता रचीत रचीत द्वंद्व जिंकतो. त्यांत वावगें कांहीं नाहीं. पण वक्तृत्वासाठीं त्याला बोलावणाऱ्या खेळाडूच्या सूत्रधाराला आमची एक विनंति आहे. प्रेमाची गोष्ट बोलावयाची असेल तेव्हां ती वाणी चेहरा दिसत नाहीं तेथेंच चालावी, आणि कोणी दिवा आणला कीं बंद पडावी. दिवा आणणाऱ्या पात्राचें काय करावयाचें, हें मग टेबलावरच्यांनीं ठरवावें.